पाच ग्रॅमला पाच वर्षं: अमेरिकेच्या जुन्या क्राईम कायद्यांतून नेमकं काय शिकायचं

प्रश्न पुण्याहून आलाय, लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा. तिला डिझर्टेशन लिहायचंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, अमेरिकेत काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दर काही वर्षांनी एक मोठा क्राईम कायदा आणते, कधी कडक, कधी सुधारणेचा. या सगळ्यातून पुढच्या सुधारणेसाठी काय शिकायचं? तुम्ही रोज कोर्टात असता, तुम्हाला सगळ्यात मोठी चूक कुठली वाटते?"

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी बावीस वर्षं इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, फेडरल (केंद्रीय) कोर्टात बचाव पक्षाची वकिली करतेय, बहुतेक केसेस कोर्टाने नेमून दिलेल्या, म्हणजे ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात असा आरोपी. त्यामुळे मी सगळं एका बाजूने बघितलंय हे मान्य. पण ज्यांच्या गल्लीत रात्री गोळीबार होतो त्या बायका माझ्याशीही बोलतात, त्यांना पोलीस हवे असतात आणि का हवे असतात ते मला कळतं.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर: शिक्षेचा आकडा कायद्यात ठोकून बसवणं ही पहिली चूक, आणि नंतर तो आकडा दुरुस्त करताना जे आधीच आत आहेत त्यांना विसरणं ही दुसरी, आणि मला विचारशील तर दुसरी जास्त वाईट, कारण तोपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं की पहिली चूक होती.

एक गोष्ट आधी क्लिअर कर. अमेरिकेत बहुतेक गुन्हे राज्यांच्या कायद्याखाली येतात. सगळे तुरुंग आणि स्थानिक जेल मिळून साधारण १९ लाख लोक आत असतात, त्यात फेडरल तुरुंगातले दीड लाखाच्या आसपास. म्हणजे काँग्रेसने उद्या सगळं आदर्श केलं तरी बहुतेक कैद्यांना थेट फरक पडणार नाही. फेडरल कायद्याचं महत्त्व दुसऱ्या दोन गोष्टींत आहे, तो राज्यांना पैसे देतो आणि वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दाखवतो.

आता इतिहास. बहुतेक लोक १९८६ पासून सुरुवात करतात, तू तसं करू नकोस. १९५१ मध्ये बॉग्ज ॲक्ट आला आणि ड्रगच्या गुन्ह्यांना सक्तीची किमान शिक्षा लागली, १९५६ ला ती आणखी वाढवली. मग लक्षात आलं की ड्रग कमी होत नाहीयेत आणि न्यायाधीश, इतकंच काय प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकीलसुद्धा, वैतागलेत, म्हणून १९७० ला काँग्रेसने त्यातल्या जवळपास सगळ्या किमान शिक्षा काढून टाकल्या. सही केली निक्सननी. आणि हाऊसमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, त्या काढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत टेक्सासचे एक तरुण खासदार होते, जॉर्ज बुश थोरले, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे हा प्रयोग एकदा करून, फसून, मागे घेऊन झाला होता! सोळा वर्षांनी तोच परत केला आणि जास्त जोरात केला.

मधे १९८४ चा सेंटेन्सिंग रिफॉर्म ॲक्ट आला. त्या कायद्याचा हेतू मला आजही चांगला वाटतो. तेव्हा एकाच गुन्ह्याला एक न्यायाधीश दोन वर्षं द्यायचा, दुसरा बारा, आणि मग खरं कधी सुटणार ते पॅरोल बोर्ड ठरवायचं, कशावरून ते कोणाला कळायचं नाही. एडवर्ड केनेडी आणि स्ट्रॉम थर्मंड, म्हणजे राजकारणातली दोन टोकं, या कायद्यावर एकत्र आली. किती शिक्षा द्यायची याचे नियम ठरवणारं सेंटेन्सिंग कमिशन बसलं, त्यांच्या गाईडलाईन्स आल्या, १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना फेडरल पॅरोल, म्हणजे शिक्षा संपायच्या आधीची सुटका, बंद. गाईडलाईन्सचं टेबल मी अजून रोज उघडते, ४३ ओळी आणि ६ रकाने, ओळ गुन्ह्याची आणि रकाना आधीच्या रेकॉर्डचा, एक बोट वरून खाली आणि एक डावीकडून उजवीकडे न्यायचं, जिथे भेटतील तिथे महिने लिहिलेले. २००५ पर्यंत ते न्यायाधीशांवर बंधनकारक होतं, मग सुप्रीम कोर्टाने बुकर केसमध्ये ते सल्ल्यापुरतं केलं.

पॅरोल गेला याचा अर्थ काय ते नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभंय. आधी जर शिक्षा जास्त झाली तर पुढे कोणीतरी ती परत बघायचं. १९८७ नंतर बघणारं कोणी उरलं नाही. आणि अशा वेळी १९८६ चा कायदा येऊन बसला.

१९ जून १९८६ ला लेन बायस हा बावीस वर्षांचा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला, बॉस्टनच्या टीमने त्याला निवडून दोनच दिवस झाले होते. हाऊसचे स्पीकर टिप ओनील बॉस्टनकडचे, नोव्हेंबरात निवडणुका, दोन्ही पक्षांना आपण जास्त कडक आहोत हे दाखवायचं होतं. २७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांची सही झाली, म्हणजे चार महिने आणि आठ दिवस, आणि त्यातही किती ग्रॅमला किती वर्षं हे कलम ज्यावर नीट सुनावणी व्हायला हवी होती ते जवळपास सुनावणीशिवायच आत गेलं. क्रॅक, म्हणजे कोकेनचे ओढायचे खडे, ५ ग्रॅम असेल तर किमान ५ वर्षं, पावडर कोकेन असेल तर तीच ५ वर्षं यायला ५०० ग्रॅम लागायचे. १० वर्षांसाठी क्रॅक ५० ग्रॅम, पावडर ५ किलो. एकास शंभर. ५ ग्रॅम म्हणजे चहात घालतो ती सपाट चमचाभर साखर. आणि क्रॅक तयार होतं त्याच पावडरीपासून, खायचा सोडा आणि पाणी घालून शिजवलं की झालं. लेन बायसने घेतलेलं कोकेन पावडरचंच होतं. तेव्हा समितीचे वकील म्हणून जे हा मसुदा लिहीत होते ते एरिक स्टर्लिंग पुढे आयुष्यभर या कायद्याच्या विरोधात काम करत राहिले.

इथे तुला एक सांगते, डिझर्टेशनमध्ये हे सरळ वर्णद्वेषाचं कारस्थान म्हणून लिहू नकोस. हार्लेमचे खासदार चार्ल्स रँगेल यांच्यासारखे कृष्णवर्णीय नेते तेव्हा कडक कायद्याच्या बाजूने होते, कारण क्रॅकमुळे त्यांच्याच वस्त्या जळत होत्या. पण परिणाम काय झाला तोही लिही. फेडरल क्रॅक केसेसमध्ये आरोपी वर्षानुवर्षं ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय राहिले, आणि सेंटेन्सिंग कमिशनने १९९५ मध्येच सांगितलं होतं की दोन्हीला सारखं वजन लावा, काँग्रेसने ते फेटाळलं. काँग्रेसने कमिशनची दुरुस्ती फेटाळायची ती पहिलीच वेळ.

आता आकडा कायद्यात असला की कोर्टात नेमकं काय होतं ते बघ. माझा एक अशील होता, नाव-गाव काही देत नाही, वय चोवीस, क्रॅक ६२ ग्रॅम, अठराव्या वर्षाची ड्रगचीच एक जुनी केस. ५० ग्रॅमच्या वर म्हणजे किमान १०. प्रॉसिक्युटरने जुन्या केसची नोटीस फाईल केली, एक पान, त्याला आम्ही ८५१ म्हणतो, त्या एका पानाने १० चे २० होतात. त्याने नोटीस लावायच्या आधी सांगितलं होतं की गुन्हा कबूल केला तर लावणार नाही, मुलगा ट्रायलला गेला, लावली. २००७ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीश म्हणाले की मला हे योग्य वाटत नाही पण माझ्यापुढे पर्याय नाही, आणि २० वर्षं दिली. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्याच्या आईने मला विचारलं, "जजला द्यायची नव्हती, तर मग दिली कोणी?"

हा प्रश्न मी आजपर्यंत कुठल्याही सेमिनारमध्ये इतका नेमका ऐकलेला नाही. किमान शिक्षेचा कायदा न्यायाधीशाकडचा अधिकार काढतो म्हणतात, पण तो अधिकार नाहीसा होत नाही, तो समोरच्या टेबलावर, प्रॉसिक्युटरकडे जातो, चार्ज काय लावायचा, वजन किती धरायचं, नोटीस लावायची की नाही. आणि तिथे जे होतं ते बंद खोलीत होतं, त्याचं ना रेकॉर्ड असतं ना अपील.

दुसरं उदाहरण पब्लिक रेकॉर्डचं आहे. वेल्डन अँजेलोस, यूटा राज्य, २००४. त्याने गांजा विकला, तीन आरोपांना बंदूक जोडली गेली, वापरली नव्हती पण जवळ होती असा आरोप. बंदुकीच्या कलमात पहिल्याला ५ आणि पुढच्या प्रत्येकाला २५ वर्षं, एकाच खटल्यात असले तरी, आणि सगळी एकापाठोपाठ एक. ५ अधिक २५ अधिक २५, पंचावन्न वर्षं! न्यायाधीश पॉल कॅसेल हे बुश धाकट्यांनी नेमलेले, अजिबात मवाळ नाहीत, त्यांनी निकालात लिहिलं की ही शिक्षा अन्यायाची, क्रूर आणि अतार्किक आहे, आणि त्याच दिवशी त्यांनी एका वृद्ध बाईला मारून टाकणाऱ्या माणसाला बावीस वर्षांच्या आसपास दिली होती. अँजेलोस २०१६ ला सुटला. कलम बदललं २०१८ ला.

१९९४ च्या मोठ्या क्राईम कायद्याबद्दल सगळेच बोलतात त्यामुळे मी थोडक्यात आटपते. एक म्हणजे, तुरुंग त्याने भरले असं सरसकट म्हणतात ते बरोबर नाही, कैद्यांची बहुतेक वाढ त्याआधीच झाली होती. आणि गुन्हे त्याने कमी केले असंही म्हणतात, तेही पूर्ण खरं नाही, हिंसक गुन्ह्यांचा आलेख त्याच्या आधीच खाली वळायला लागला होता. त्यात एक लाख पोलिसांचे पैसे होते, राज्यांना तुरुंग बांधायला पैसे होते आणि हिंसक गुन्ह्यांतल्या कैद्यांना ८५ टक्के शिक्षा भोगायला लावलीत तर मोठा वाटा अशी अट होती. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदाही त्यातच, आणि सेफ्टी व्हॉल्व्हही त्यातच, म्हणजे पहिल्यांदा अडकलेल्या, हिंसा न केलेल्या ड्रग आरोपीला किमान शिक्षेखाली जायची छोटी वाट. मी ती वाट कितीतरी लोकांसाठी वापरलीये, त्यामुळे तो कायदा सगळा टाकाऊ आहे असं माझ्या तोंडून निघणार नाही.

पण त्या कायद्यातल्या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघ. असॉल्ट रायफल्सवरच्या बंदीला १० वर्षांची मुदत घातली होती, २००४ ला मुदत संपली आणि बंदी गेली, काही करावं लागलं नाही. शिक्षांना मात्र मुदत कोणी घातली नाही. त्या काढायच्या तर दोन्ही सभागृहं, सही, सगळं परत जमवावं लागतं. पुढच्या कायद्यात मी मागेन तर हे पहिलं मागेन, प्रत्येक नव्या शिक्षेला दहा वर्षांची मुदत, परत हवी असेल तर आकडे समोर ठेवून परत पास करा.

आणि दुसरी, पेल ग्रँट. कॉलेजला जाणाऱ्या गरीब मुलांना मिळणारी सरकारी मदत, ती कैद्यांनाही मिळायची, एकूण रकमेच्या एक टक्काही नाही. १९९४ ला काढली. तुरुंगांतले बहुतेक कॉलेज प्रोग्राम बंद पडले. सगळ्यांसाठी परत सुरू झाली १ जुलै २०२३ ला. एकोणतीस वर्षं. माझ्या एका अशिलाने पस्तिशीत तुरुंगात शाळेचा दाखला मिळवला आणि मला विचारलं की आता पुढे काय शिकू, माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

आता दुसरी चूक, जी मला जास्त लागते. ३ ऑगस्ट २०१० ला फेअर सेंटेन्सिंग ॲक्ट आला, एकास शंभरचं एकास अठरा झालं (सारखं नाही केलं, हे लक्षात ठेव), ५ ग्रॅमचे २८ आणि ५० चे २८० झाले. त्या सप्टेंबरात ६२ ग्रॅमवाल्या माझ्या अशिलाचं पत्र आलं, आत वर्तमानपत्राचं कात्रण, २८ या आकड्याखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ मारलेली, आणि खाली लिहिलेलं की माझे ६२, म्हणजे आता माझे ५, नोटिशीने दुप्पट केले तरी १०, बरोबर ना मॅडम? हिशोब बरोबर होता. मला उत्तर लिहावं लागलं की नाही, तुला लागू नाही.

का नाही? कारण १८७१ सालचा एक जुना फेडरल कायदा आहे, त्याप्रमाणे नवीन कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर जुन्या गुन्ह्याला जुनीच शिक्षा राहते. २०१० च्या कायद्यात ते एक वाक्य नव्हतं. गुन्हा आधीचा पण शिक्षा ३ ऑगस्टनंतर सुनावली असेल तर काय, हे ठरायलासुद्धा २०१२ पर्यंत सुप्रीम कोर्टाची वाट बघावी लागली. जे आधीच आत होते त्यांच्यासाठी ते वाक्य आलं २०१८ च्या डिसेंबरात, फर्स्ट स्टेप ॲक्टच्या कलम ४०४ मध्ये. माझा अशील २०१९ ला सुटला, अटकेपासून धरून साडेबारा वर्षांनी. आठ वर्षं एका वाक्याची वाट बघितली. हजारो लोकांची शिक्षा त्या कलमाने कमी झाली आणि त्यातल्या प्रत्येकासाठी ते वाक्य २०१० लाच लिहिता आलं असतं.

आणि एवढं होऊनही २०१८ ला तीच चूक बाकीच्या कलमांत परत केली. बंदुकीच्या कलमातली ती ५ अधिक २५ ची पद्धत बदलली, २० ची किमान शिक्षा १५ केली, पण ती फक्त पुढच्यांसाठी. सिनेटमध्ये मतं जमवायला तडजोड लागली म्हणतात, शेवटी ८७ विरुद्ध १२ ने पास झाला. आजही असे लोक आत आहेत ज्यांना आज शिक्षा झाली असती तर ती वीस-तीस वर्षं कमी असती.

फर्स्ट स्टेप ॲक्ट चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण त्याची अंमलबजावणी मी बघितलीये. चांगल्या वागणुकीचे वर्षाला ५४ दिवस हे १९८४ पासून लिहिलेलं होतं, तुरुंग खातं हिशोब असा करायचं की ४७ च यायचे, ते नीट करायचं ठरलं. कैद्यांच्या घरचे मला जानेवारीपासून फोन करायला लागले की आमचा मुलगा या आठवड्यात सुटायला हवा ना, मी पण कागदावर दिवस मोजून देत होते, आणि मग कळलं की मसुद्यात ते कलम दुसऱ्याच एका गोष्टीला, कैदी परत गुन्हा करेल याचा धोका मोजायच्या नवीन पद्धतीला, बांधलं गेलंय, ती तयार होईपर्यंत थांबा. १९ जुलै २०१९ उजाडला. मग सेंटेन्सिंग कमिशनचं कोरम, म्हणजे निर्णयाला लागणारी सदस्यसंख्या, गेलं आणि जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२२ ते काही दुरुस्तीच करू शकलं नाही, नेमका त्याच काळात कोव्हिड आला आणि आजारी कैद्यांचे अर्ज आमच्याकडे ढिगाने यायला लागले. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वाढवला त्यात तीन अटींमधे "आणि" लिहिलं होतं, त्या एका शब्दाचा अर्थ काय यावर २०२४ ला सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला आणि ज्यांना वाटलं होतं आपण बसतो त्यातले खूप जण बाहेर राहिले.

म्हणून माझ्याकडे कोणी सुधारणेचं विधेयक घेऊन आलं तर मी ते शेवटून वाचते. कधीपासून लागू, कोणाला लागू, आत असलेल्यांनी अर्ज कुठे करायचा, त्याला वकील कोण देणार, पैसे कुठल्या वर्षाच्या बजेटमधून. पहिल्या पानावर काय लिहिलंय त्याने मला फारसा फरक पडत नाही.

मग गुन्हेगारांना काहीच करायचं नाही का, हे तुला व्हायव्हामध्ये नक्की विचारतील. नॅशनल रिसर्च कौन्सिलचा २०१४ चा मोठा रिपोर्ट वाच, त्यात नीट मांडलंय की शिक्षा आणखी लांबवून धाक फारसा वाढत नाही, पकडले जाऊ याची खात्री असली तर वाढतो. मला आरोपींशी बोलून तेच दिसतं, ८५१ म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही अटकेच्या आधी माहीत नव्हतं. आणि इकडे देशातल्या कितीतरी खुनांचा छडाच लागत नाही. तपासाला, फॉरेन्सिक लॅबला, साक्षीदारांच्या संरक्षणाला पैसे घाला, ते कडकच आहे. १९८० ला फेडरल तुरुंगात साधारण २५ हजार लोक होते, २०१३ ला २ लाख १९ हजार, एवढ्या माणसांना वर्षानुवर्षं सांभाळायला जो पैसा गेला तो दुसरीकडून कुठूनतरी वळवलेलाच होता.

शेवटी तुझ्या कामाचं. तू भारतात लिहितेयस तर एनडीपीएस, म्हणजे आपला अंमली पदार्थांचा कायदा, बाजूला ठेवून पुढे जाऊ नकोस, तो १९८५ चा, म्हणजे अगदी त्याच काळातला. त्यातही सुरुवातीला बहुतेक गुन्ह्यांना किमान १० वर्षं, माल थोडा असो की ट्रकभर. छोटी आणि व्यापारी मात्रा असा फरक २००१ च्या दुरुस्तीत आला. १९८८ ला दुसऱ्यांदा सापडला तर काही गुन्ह्यांत सक्तीची फाशी घातली होती, ती सक्ती मुंबई हायकोर्टाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मिश्रणात शुद्ध ड्रग किती आहे ते बघायचं की अख्ख्या पुडीचं वजन धरायचं, हा वाद तिथेही झाला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने अख्खं वजन धरायचं म्हणून सांगितलं, इकडे १९९१ मध्ये एलएसडीच्या केसमध्ये ते ज्या कागदावर असतं त्या कागदाचंही वजन धरलं होतं. आणि २००१ च्या दुरुस्तीचं शेवटचं वाचायला विसरू नकोस: ज्यांचे खटले चालू होते त्यांना नवीन मात्रेचा फायदा मिळाला, ज्यांना शिक्षा होऊन अपील पेंडिंग होतं त्यांना नाही. त्यातली दोन-चार अपिलं शोधून काढ, माल किती ग्रॅम होता, निकाल कुठल्या तारखेला लागला आणि माणूस सुटला कधी एवढे तीन रकाने भर, आणि भरले की मला पाठव, मी बघून देते.